वेगवान गोलंदाज मुलाचा कमरेचा कडक पट्टा : उन्हाळा-पावसाळ्याच्या वापरानंतर

माझा पंधरा वर्षांचा मुलगा आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या संघात उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. हिवाळ्यात त्याची कंबर डावीकडे दुखू लागली आणि मागे वाकले की कळ वाढत असे. साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही. नागपूरला एमआरआय केल्यावर कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागील भागात ताणामुळे हाडाला तडा गेल्याचे समजले. चेंडू सोडताना पाठ एकाच वेळी मागे व बाजूला वाकते आणि पिळली जाते, त्यामुळे उजव्या हाताच्या गोलंदाजाला हा तडा बहुधा डावीकडेच जातो.

डॉक्टरांनी गोलंदाजी पूर्ण बंद केली आणि मापाचा कडक पट्टा दिला. तो मागे वाकणे चांगलेच अडवतो व एसटीच्या धक्क्यांतही कमरेला आधार देतो. मात्र आमच्याकडच्या उन्हाळ्यात, त्यातही लाइन गेलेल्या दुपारी, तो सहन करणे कठीण आहे. आतून सुती बनियन घालून ती घामेजली की बदलावीच लागते, नाहीतर कमरेच्या हाडापाशी कातडी लाल होते. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच साठवला होता. त्याचे तंतू वेलक्रोत अडकून पकड सुटत असे, ते मी जुन्या टूथब्रशने काढत असे.

तरीही हाड पट्ट्याने सांधत नाही, विश्रांतीने सांधते, आणि म्हणूनच काही डॉक्टर पट्टा न देताही हा उपचार करतात. खरी परीक्षा दुखणे थांबल्यावर सुरू होते, कारण हाड भरून येण्याच्या बरेच आधी वेदना जाते आणि मुलाला आपण बरे झालो असे वाटते. त्या काळात पट्टा फार उपयोगी पडला : तो दिसला की संघातील कोणीही त्याच्या हातात चेंडू देत नसे. बुमराहलाही 2019 मध्ये अशाच दुखापतीमुळे बाहेर बसावे लागले होते, हे मुलाला माहीत असल्याने समजावणे सोपे गेले.

पोट-पाठीचे आणि मांडीच्या मागील स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरच सुरू केले. आता पट्टा सुटला असून, छोट्या रनअपने, चेंडू मोजून गोलंदाजी चालू आहे.

घेणाऱ्यांना एक सांगतो : मुलगा वाढता आहे म्हणून मोठ्या मापाचा पट्टा घेऊ नका. ढिला पट्टा वर सरकतो आणि वाकणे अडवत नाही.