डेबियन १३, दुकानाचा जुना पीसी आणि त्याला जोडलेल्या सगळ्या वस्तू

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. लालबागला काकांच्या मसाल्याच्या दुकानात चौथ्या जनरेशनचा आय३ आहे, ठणठणीत चालतो, पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे हा बादच. काका म्हणाले, "अरे चालतोय ना चांगला, मग भंगारात कशाला घालायचा?" मलाही ते पटलं आणि त्यावर डेबियन १३ टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक फुकट सिस्टम. डेस्कटॉप कसा दिसतो वगैरे मी लिहीत नाहीये, दुकानात प्रश्न एकच, बिल छापलं जातं का.

आधी फर्मवेअरचं, म्हणजे वायफाय कार्डसारख्या भागाला चालू व्हायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं सांगतो, कारण डेबियनबद्दल जुना राग लोकांच्या मनात त्याचाच आहे. पूर्वी इन्स्टॉल करताना मध्येच वायफायची फर्मवेअर फाइल मागायचं आणि ती आणायला नेट हवं, आणि नेटला तीच फाइल हवी. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन ते बदललं, १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं. १३ मध्ये पण तसंच, त्याचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टमचा गाभा, ६.१२. ग्राफिक्स, साउंड, लॅन सगळं पहिल्या बूटलाच चालू, काही शोधावं लागलं नाही. बारकोड स्कॅनर तर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो, लावला की आकडे टाइप होतात. वेबकॅम पण तसाच, यूव्हीसी ह्या वेबकॅमच्या सामाईक स्टँडर्डचा असला की वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

आता प्रिंटर. पॅरलल पोर्टवाला जुना डॉट मॅट्रिक्स आहे, कार्बन लावून दोन कॉपी एकदम निघतात म्हणून काका तो सोडायला तयार नाहीत, आणि का सोडावा, रिबन स्वस्त आहे आणि दुरुस्त करणारे अजून भेटतात. मला वाटलेलं इथेच अडणार, पण कर्नलमध्ये पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर अजून आहे, आणि कप्समध्ये (लिनक्सची छपाई सांभाळणारी सिस्टम) एप्सन ९-पिनचा साधा ड्रायव्हर येतो, तो लावला की झालं. प्रिंटर एप्सनचा असायलाच हवा असं नाही, बहुतेक डॉट मॅट्रिक्स एप्सनच्या ईएससी/पी भाषेतल्याच कमांड समजतात. फक्त एक गोष्ट आधी माहीत असू दे. प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये नुसतं इंग्लिश टेक्स्ट पाठवलं तर सटासट छापतो, पण त्याच्या पोटात देवनागरी फॉन्ट नाही, त्यामुळे "मालवणी मसाला अर्धा किलो" असं मराठीत हवं असेल तर कप्स त्याचं चित्र करून पाठवतं आणि डोकं एकेका ओळीवरून फिरत बसतं, बराच वेळ लागतो. गर्दीच्या सीझनला, मे महिन्यात वर्षाचा मसाला न्यायला बायका रांगेत उभ्या असतात तेव्हा हे परवडत नाही. आम्ही बिल इंग्लिश अक्षरांत ठेवलं आणि रेट लिस्ट तेवढी मराठीत.

वायफायचा डोंगल मात्र डोकेदुखी. काकांकडे आधीपासून एक होता, बॉक्सवर लिनक्स सपोर्टेड असं ठळक छापलेलं, आणि सोबतच्या सीडीत ४.९ कर्नलपर्यंत चालेल असा सोर्स कोड. ६.१२ वर तो कंपाइलच होत नाही, म्हणजे त्यातून ड्रायव्हर बनतच नाही. इंटरनेटवर कोणीतरी सुधारलेला ड्रायव्हर मिळतो, डीकेएमएस ह्या टूलने लावता येतो, पण प्रत्येक कर्नल अपडेटला तो परत बिल्ड होणार, एखाद्या दिवशी झाला नाही तर दुकान उघडल्यावर नेट नाही. असलं दुकानात ठेवायचं नाही हे माझं ठाम मत आहे.

म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो, लॅपटॉपवर डेबियन बूट करून, आणि काउंटरवरच डोंगल लावून एलएसयूएसबी ही यूएसबीला काय लावलंय ते दाखवणारी कमांड टाकून चिप बघितली. दुकानदार म्हणाला "भाऊ, सगळे सेम असतात", पण नसतात सेम. एकाच मॉडेलच्या व्ही१, व्ही२, व्ही३ मध्ये आतली चिप वेगळी असू शकते, बॉक्स तोच. काही डोंगल तर लावल्यावर आधी छोटी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो, त्यांना वायफाय मोडमध्ये आणायला यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम लागतो. शेवटी मीडियाटेक एमटी७६०१यू चिपचा घेतला, स्वस्त, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, १५० एमबीपीएसचा, बिलिंगला आणि यूपीआयचे मेसेज बघायला भरपूर झालं. ह्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे.

आणि खरा फरक इथेच आहे. ड्रायव्हर कर्नलच्या आत असला की कंपनीने मॉडेल बंद केलं, साइटवरून डाउनलोड काढून टाकला, तरी आपलं काही अडत नाही, कारण कर्नलच्या आतलं काही कोणी बदललं तर त्यावर चालणारे आतले ड्रायव्हर दुरुस्त करायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. बाहेरच्या ड्रायव्हरला असा कोणी वाली नसतो. बॉक्सवर काय छापलंय ते सोडा, चिपचं नाव विचारा.

अगदी नवा, ह्याच वर्षी आलेला लॅपटॉप असेल तर ६.१२ त्याला कमी पडू शकतो, तेव्हा बॅकपोर्ट्समधून (डेबियनचा नव्या आवृत्त्यांचा वेगळा साठा) पुढचा कर्नल घ्यावा लागेल. आणि घरात ३२-बिटचा पीसी पडला असेल तर १३ चा इन्स्टॉलर त्याच्यासाठी निघतच नाही, त्यावर १२ च टाका.