दहा महिने रंगांसोबत आणि आजोबांच्या पेटीसोबत: जळगावच्या उन्हातला अनुभव

छोटे सैनिक रंगवायला आषाढात रंगाची पहिली बाटली उघडली, आता आखाजीही (अक्षय्य तृतीया) होऊन गेली. दहा महिन्यांत या सामानानं एक पावसाळा पाहिला, आमच्याकडची कोरडी थंडी पाहिली आणि पारा पंचेचाळिशीला टेकवणारा उन्हाळाही पाहिला. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहून बसलो असतो.

घेतलं ते असं: वालेहो कंपनीच्या मॉडेल कलर रंगांचा १६ बाटल्यांचा संच, दोन ब्रश, प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराचा, स्प्रे, ब्रिटिश पायदळाचे १/३५ मापाचे प्लॅस्टिकचे सैनिक आणि काचेची दारं असलेलं एक कपाट. कपाट खरं तर आजोबांच्या वस्तूंसाठी. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आधी आफ्रिकेत, मग इटलीत. पाचोऱ्याजवळच्या गावी आमच्या धाब्याच्या घरात धान्याच्या कोठीमागे त्यांची पत्र्याची पेटी पडून होती. तिच्यात खांद्याला अडकवायची जाड कापडी पिशवी, निळ्या एनॅमलची पाण्याची बाटली, जेवणाचा डबा आणि आफ्रिका स्टार, इटली स्टार ही दोन पदकं निघाली. बाटलीवरच्या खाकी नमद्याला कसर लागलेली, आणि तोंडात मक्याच्या कणसाचा वाळका तुकडा कोंबलेला.

आधी रंगांबद्दल. हे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आहेत. बाटलीला थेंब पाडायचं तोंड असल्यामुळे रंग वाया जात नाही आणि झाकणाशी वाळून खडा होत नाही. दहा महिन्यांत एकही बाटली घट्ट झाली नाही. मात्र हलवायला आळस केला की वर नुसतं पाणी येतं; मी प्रत्येक बाटलीत स्टीलची एक छोटी गोळी टाकून ठेवली आहे. १/३५ म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरहून जरा कमी. एवढ्याशा अंगावर रंगाचा एक जाड थर बसला तरी बटणं आणि शिवणी बुजतात. म्हणून दुधासारखा पातळ रंग, दोन-तीन हात, आणि दोन हातांच्या मध्ये पुरता वाळू द्यायचा.

चैत्रापासून मात्र हे गणित बिघडलं. दुपारी पंख्याखाली बसलो तर रंग ब्रशच्या टोकावरच वाळायचा. उपाय घरातच सापडला. चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर केक भाजायचा कागद, आणि त्या कागदावर रंग. खालून ओल मिळत राहते, झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. विकतची ओली पॅलेट मिळते, पण मला तिची गरज पडली नाही. पंखा बंद, वेळ सकाळी सहा ते आठ.

स्प्रेचं प्रायमर मी एप्रिलमध्ये भर दुपारी गच्चीवर मारलं आणि पाच सैनिक घालवले. एवढ्या उष्णतेत फवारा हवेतच वाळतो आणि अंगावर रवाळ पावडर बसते. चेहऱ्यावर हात फिरवला तर सँडपेपर. पावसाळ्यात दमटपणानं उलटं होतं, पांढुरकी झाक येते. आता मी प्रायमर ब्रशनंच लावतो.

ब्रश घेताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे काही ठिकाणी अजूनही मुंगसाच्या केसांचे ब्रश गुपचूप विकतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि एका ब्रशासाठी ते जनावर मारावं असं या छंदात काहीच नाही. माझे दोन्ही ब्रश कृत्रिम केसांचे आहेत. चार महिन्यांत टोक वाकडं होतं, तेव्हा बदलतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. संचात इंग्लिश युनिफॉर्म नावाचा रंग आहे. इटलीतल्या थंडीत आपल्या पलटणींनाही ब्रिटिशांसारखाच लोकरी गणवेश होता, त्याला तो छान बसतो. पण पिशव्या-पट्ट्यांचा खाकी काही केल्या जमेना. आजोबांच्या पिशवीशी ताडून पाहिलं तर बाहेरचं कापड उन्हानं पार राखाडी पडलेलं. मग एका सकाळी खिडकीशी बसून झाकणाची आतली घडी उलगडली. शिवणीच्या आत बोटभर पट्टी होती, तिला ऊन कधी लागलंच नव्हतं. पिवळसर, उबदार, वाळलेल्या दादर ज्वारीच्या ताटासारखी. खाकीत बफ, म्हणजे फिकट पिवळसर, रंगाचे दोन थेंब टाकले आणि ती छटा मिळाली. त्या बोटभर पट्टीनं जे दाखवलं ते कुठल्याही रंगतक्त्यावर नव्हतं. आणि रंगवून झालेला सैनिक पिशवीशेजारी ठेवला तेव्हा पट्टा कुठून कुठे जातो, ओझं कुठे पडतं, हे घरातल्या मुलांना न सांगता कळलं. जुनी वस्तू आणि छोटा सैनिक एकाच फळीवर ठेवा, असं मी आवर्जून सांगेन.

त्वचेचा रंग संचात गोऱ्या माणसाचा येतो. मी बेज ब्राऊनमध्ये कॅव्हलरी ब्राऊनचा एक थेंब घालतो आणि नाक, गालाचं हाड, खालचा ओठ एवढंच उजळ करतो.

कपाटानं मात्र त्रास दिला. स्थानिक दुकानातून बनवून घेतलं, भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं. उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला एक जुना शिशाचा घोडेस्वार त्यात ठेवला होता. तीन महिन्यांत घोड्याच्या पोटाखाली पांढरी भुकटी दिसू लागली. अशा पाट्यांतून आणि काही कच्च्या लाकडांतूनही आम्लाची वाफ सुटते, बंद जागेत ती साचते आणि शिसं खात जाते. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, बुरशी असेल, पुसून घ्या. बुरशी नाही ती, आणि शिशाची भुकटी उघड्या हातानं पुसायचीही नाही. आता घोडेस्वार काचेच्या बरणीत आहे. हातमोजे घालूनच काढतो, लहान मुलांपासून लांब ठेवतो. पदकं आणि पिशवी मी पत्र्याच्या, भट्टीत रंग पक्का केलेल्या कपाटात हलवली.

पदकांना चिंच, राख, पॉलिश काही लावू नका. प्रत्येक घासण्यात कोरीव अक्षर थोडं झिजतं. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी आहे. ती दिवसाच्या उजेडात ठेवली तर विटते, म्हणून कपाट पश्चिमेच्या भिंतीवरून हलवलं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. उन्हाळ्यात पुड्या काढून घेतो, नाहीतर चामडं तडकतं. रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळ साच्यात ओतून केलेले, सैनिक खिडकीपासून लांब ठेवा, माझ्या एकाची बंदूक एप्रिलच्या उन्हात केळीच्या पानासारखी वाकली. गरम पाण्यात बुडवून सरळ केली.

भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी असल्यानं आमच्या भागात काडतुसाचं कुणाला फारसं नवल नाही. तरी जिवंत काडतूस 'आठवण' म्हणून कुणी देऊ केलं तर घेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

आता इटलीतल्या सेनियो नदीच्या बांधाचा छोटा देखावा करतोय. ९ एप्रिल १९४५ला मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधव यांनी तिथे जखमी साथीदारांना नदीपार नेलं, हाताला गोळी लागल्यावर बॉम्ब फेकत शत्रूच्या मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बांधासाठी आधी शेतातली काळी माती तव्यावर भाजून गोंदात कालवली. वाळल्यावर तिला आमच्या शेतासारख्याच भेगा पडल्या. मग गिरणेची बारीक वाळू चाळून वापरली, ती टिकली.

आखाजीला आत्या माहेरी आली, आमच्याकडे तिला फुई म्हणतात. कपाटासमोर उभी राहिली आणि आजोबांच्या पाण्याच्या बाटलीच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मी आतला तुकडा कचरा समजून काढला होता आणि नवं बूच शोधत होतो. "हाई बूच शे रे भाऊ," ती म्हणाली. आजोबा पलटणीतून आल्यावर तीच बाटली घेऊन शेतात जायचे. मूळचं बूच हरवलं तेव्हा त्यांनी कणसाचा तुकडा कोयत्यानं तासून बसवला होता. नशिबानं तो मी कागदाच्या पुडीत जपून ठेवला होता. तिनंच तो बाटलीत बसवला, अर्धा वळसा देऊन.