तिसऱ्याआधी दुसरा: परत वाचायचा तर कुठला?

भाची पुण्याहून गोव्याला चवथीला आली ती पिशवीत दोन पुस्तकं घेऊन. दोन्ही कादंबरी-मालिकांमधले दुसरे भाग, दोन्ही शाळेत असताना वाचलेले. इथे गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची घाई, आणि ही दारात उभी राहून विचारते, "मावशे, हातूंतलें खंयचें परत वाचूं?" गणपती पाच दिवसांचा. त्यातले पाहुण्यांपासून मोकळे मिळाले तर दोन.

एक अर्सुला ले ग्विन यांचं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', १९७१ चं. दुसरं फिलिप पुलमन यांचं 'द सटल नाइफ', १९९७ चं. मी दोन्ही एकाहून जास्त वेळा वाचलीत. तिला मोदक वळता वळता जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहिते. शेवट उघड होणार आहेत. पण परत वाचणाऱ्यापासून शेवट लपवून करायचं काय?

आधी रोकडा हिशेब. 'टूम्ब्स' बारा प्रकरणांचं, छोटं. पहिला भाग विसरला असलात तरी अडत नाही, कारण पहिल्या भागाचा नायक गेड इथे येतो तोच पाचव्या प्रकरणात, आणि येतो तो अनोळखी चोर म्हणून. त्याच्याकडचा अर्ध्या कड्याचा तुकडा कुठून आला, हेही तो स्वतःच सांगतो. 'नाइफ' पंधरा प्रकरणांचं आणि चांगलंच जाड. पहिला भाग ताजा नसेल तर नायिका लायराचं अलेथिओमीटर, म्हणजे विचारलं की खरं सांगणारं यंत्र, काय, तिचा बाप आभाळ फाडून कुठे गेला, यातच निम्मा जीव जातो. आणि शेवट? 'टूम्ब्स' हॅवनॉरच्या धक्क्याला लागतं आणि थांबतं. 'नाइफ' पायरीवर पाय उचललेला असतानाच तुटतं: तिच्या सोबतीचा मुलगा विल परत येतो तर लायरा गायब. मूळ वाचकांना तिसऱ्या भागासाठी २००० सालापर्यंत थांबावं लागलं होतं. त्यामुळे तिसरा भाग घरात नसेल तर 'नाइफ' उघडूच नका. चवथीच्या सुट्टीत वाचनालयं बंद असतात, हे मी अनुभवाने सांगते.

आता खरी गोष्ट. पुढे काय होणार ही उत्सुकता गेल्यावर पुस्तकात उरतं काय?

'टूम्ब्स'ची पहिली चार प्रकरणं शाळेत असताना मला साफ कंटाळवाणी वाटली होती. वाळवंटातलं देवस्थान, पुजारणी, व्रतं, भिंती, पुन्हा व्रतं. जादूगार कधी येणार म्हणून मी पानं उलटत होते. दुसऱ्या वाचनात कळलं की पुस्तक ते तिथेच आहे. जुनी मुख्य पुजारीण गेली त्या रात्री जन्मलेली मुलगी म्हणून तेनारला आईबापांकडून उचलून आणतात, तिचं नाव काढून घेतात, आणि 'भक्षिली गेलेली' अशा अर्थाचं आर्हा हे नाव तिच्यावर चढवतात. गोव्याच्या माणसाला हे 'काल्पनिक' म्हणून सहज वाचता येत नाही. देवाला वाहिलेल्या मुली आपल्याकडे पणजीच्या पिढीपर्यंत होत्या, आणि त्यांच्याबद्दल घरात आवाज खाली करून बोललं जायचं.

मग बारीक गोष्टी दिसू लागतात. आर्हाच्या बरोबरीची गुबगुबीत पेन्थे भिंतीवर बसून सफरचंद खाते आणि बिनदिक्कत सांगते की यापेक्षा डुकरं राखणाऱ्याशी लग्न केलं असतं तर बरं. पहिल्या वेळी तो विनोद वाटतो. नंतर लक्षात येतं, आर्हाच्या भक्तीला पहिला तडा जादूगाराने नाही, या पोरीने दिलाय. थोरल्या पुजारणीचं, कोसिलचंही तसंच. सोवळंओवळं सगळ्यांत कडक तिचं, आणि उजेड निषिद्ध असलेल्या भुयारात दिवा लावून थडगं उकरून बघणारीही तीच. असली माणसं प्रत्येक देवळाच्या समितीत एक तरी असते. नाव घेत नाही.

त्या भुयाराचा प्रसंग तर परत वाचण्यासाठीच लिहिल्यासारखा. आर्हा तिथे वर्षानुवर्षं हाताने चाचपत, वळणं पाठ करत फिरलेली. पावसाळ्यात लाइट गेल्यावर आपण आपल्या घरात जशा पडवीतून देव्हाऱ्यापर्यंत जातो, तशी. एके दिवशी गेडच्या काठीचा उजेड पडतो आणि तिला पहिल्यांदा दिसतं की छत स्फटिकांनी चमचमतंय. आपल्याच जागेला ती आजवर पारखी होती. पहिल्या वाचनात मी त्या पानावर फक्त 'आला एकदाचा!' म्हटलं होतं.

तक्रार एकच, आणि ती जुनी आहे: मुलीला सोडवायला शेवटी पुरुषच लागला का? दुसऱ्यांदा वाचताना मला तसं वाटलं नाही. तो अंधाराला थोपवून धरण्यातच दमलाय; वाट तिला ठाऊक आहे. दोघांपैकी एकट्याने कुणाचाच पाय निघाला नसता. लेखिकेलाही तेनारला सोडून राहवलं नसावं, कारण १९९० मध्ये त्याच मालिकेतल्या 'तेहानू'त ती तिच्याकडेच परतली.

'नाइफ'ची मजा उलट दिशेची. तेरा-चौदाव्या वर्षी त्यातलं चित्तागात्से शहर म्हणजे स्वर्ग होता: समुद्र, ताडाची झाडं, उघडी हॉटेलं आणि एकही मोठं माणूस नाही. डोळ्यांपुढे मी पणजी शहरातलं दुपारी दोनचं फोंतेन्यास आणलं होतं, दुकानं बंद, सगळे झोपलेले. तिथली भुतं खातात ती मोठ्यांनाच. मुलांना ती दिसतही नाहीत. आता वाचलं तेव्हा मी खाल्ल्या जाणाऱ्यांच्या रांगेत होते. भाची अठरा पुरी करून बसलीय, तिलाही तो धक्का बसेल.

शिवाय पुढचं माहीत असल्याचा इथे फायदा होतो. विल आपल्या बापाशी अंधारात झगडतो, तेव्हा तो बाप आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नाही. दिवा लागतो, ओळख पटते, आणि लगेच बाण. लायराचा बलूनवाला मित्र ली स्कोर्स्बी, त्याच्या शेवटच्या लढाईचं चौदावं प्रकरण मी तिसऱ्यांदाही रडत वाचलं. तो लायरासाठी मरतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

पण लायराच माझी अडचण आहे. पहिल्या भागात सगळ्यांना नाचवणारी ही पोर इथे विलच्या मागे चालते. अलेथिओमीटरच तिला बजावतं, तुझं बाजूला ठेव, त्याला बाप शोधायला मदत कर. पहिल्यांदा वेगात हे निसटतं, दुसऱ्यांदा टोचतं. साक्षात्कारांचं, देवदूतांचं सामानही मधे फार होतं. तरी हेही सांगते, विल खुनी आहे असं यंत्राकडून कळल्यावर तिला हायसं वाटतं, ती जागा अजून तितकीच भन्नाट आहे.

तर भाचीला सांगितलं: दोनच दिवस असतील तर 'टूम्ब्स', तेही सकाळच्या गडबडीत नव्हे, जेवणं आटोपल्यावर. 'नाइफ' दिवाळीला, तिन्ही भाग एकदम घेऊन. आधी कंटाळवाणं म्हणून टाकलेलं परत घ्यायला माणूस धजत नाही, म्हणून तिने तोंड वाकडं केलं. रात्री आरतीनंतर पाहिलं तर दारापुढच्या बाल्कांवात बसून 'टूम्ब्स'च वाचत होती. दुसऱ्या प्रकरणावर होती, आणि चक्क पान उलटायची घाई करत नव्हती.