फाइनवेर्कबाऊ ३०० एस: ठाण्यातल्या घरासाठी जुनी स्प्रिंगची एअर रायफल

ठाण्यासारख्या शहरात राहून घरातल्या घरात एअर रायफलच्या नेमबाजीचा छंद जोपासायचा असेल, तर आजच्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या महागड्या रायफलीपेक्षा फाइनवेर्कबाऊची जुनी ३०० एस अधिक उपयोगाची ठरते, असे तिच्या नियमित वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे. ही रायफल आता नवीन मिळत नाही. जर्मनीतील ओबर्नडोर्फ येथील या कारखान्याने ती १९७० च्या दशकात बाजारात आणली आणि त्या काळात दहा मीटरच्या स्पर्धांमध्ये ती जगभर वापरली जात होती. माझ्याकडची रायफल पूर्वी क्लबमध्ये नेमबाजी करणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडून घेतलेली आहे. हे परीक्षण त्यामुळे दुकानातल्या कोऱ्या मालाचे नाही. जुनी पण सुस्थितीतली रायफल शोधणाऱ्यांसाठी ते लिहिले आहे.

तिचे मोठेपण समजण्यासाठी आधी साध्या, नळी खाली दुमडून भरायच्या एअरगनमध्ये काय घडते ते पाहावे लागेल. चाप दाबला की आतला जड पिस्टन स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो आणि त्याच्या उलट दिशेने संपूर्ण बंदूक मागे ढकलली जाते. पिस्टन टोकाला दाबल्या गेलेल्या हवेवर आदळतो तेव्हा बंदुकीला पुन्हा पुढे हिसका बसतो. या हालचाली छर्रा नळीत असतानाच सुरू झालेल्या असतात. त्यामुळे बंदूक किती घट्ट धरली, हात नेमका कुठे टेकवला, खांद्यावर किती दाब दिला, यांतला थोडासा फरकही छर्रा वेगळ्या जागी नेतो. नवशिक्याला आपली चूक कोणती आणि बंदुकीची कोणती हे कळेनासे होते आणि अनेकांचा उत्साह इथेच मावळतो.

३०० एसमध्ये नळी, पिस्टनचा सिलिंडर आणि दोन्ही साइट्स (नेम धरण्याची पुढची व मागची साधने) हा सगळा भाग स्टॉकवर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर, पक्का बसवलेला नसून रुळांवर सरकणारा आहे. चाप दाबताच त्याची अडकण सुटते आणि पिस्टनच्या धक्क्याने हा भाग काही मिलिमीटर मागे सरकतो. स्टॉक मात्र खांद्याशी जागच्या जागी राहतो. धक्का नाहीसा होत नाही, पण तो आपल्या शरीरापर्यंत पोहोचत नाही आणि आपली पकडही त्याच्या आड येत नाही. आत एकाऐवजी दोन स्प्रिंगा आहेत, त्यांचे वेढे परस्परांच्या उलट दिशेने घेतलेले आहेत, म्हणून स्प्रिंग उलगडताना बंदुकीला जो पीळ बसतो तो एकमेकांकडून रद्द होतो. पिस्टनला चामड्याचे किंवा प्लास्टिकचे वायसर नसून धातूची कडी आहे. आपल्या दमट हवेत ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण चामडे सुकते, प्लास्टिक कालांतराने ठिसूळ होते, धातूची कडी मात्र वर्षानुवर्षे टिकते.

भरण्यासाठी उजव्या बाजूची लांब लिव्हर मागे ओढावी लागते. त्यासाठी फारसा जोर लागत नाही. लिव्हर मागे गेली की नळीचे तोंड उघडे होते, छर्रा अंगठ्याने थेट नळीत बसवायचा आणि लिव्हर पूर्ववत करायची. लिव्हर मध्येच निसटली तर ती झेपावू नये म्हणून दातेरी अडसर दिलेला आहे; तरीही छर्रा बसवताना बोट यंत्राच्या वाटेत असते, म्हणून लिव्हर दुसऱ्या हाताने धरून ठेवण्याचा नियम कधीही मोडू नये. भरताना नळी वाकवावी लागत नसल्याने आणि साइट्स तिच्याबरोबरच जोडलेल्या असल्याने प्रत्येक वेळी नेम त्याच जागी परत येतो.

प्रत्यक्ष नेमबाजीतला अनुभव सांगायचा तर सर्वांत आधी चापाचा उल्लेख करायला हवा. तो दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा संपल्याचे बोटाला स्पष्ट जाणवते आणि त्यानंतर अगदी हलक्या दाबाने, कसलीही खरखर न होता तो सुटतो. दाब आणि चापाची जागा दोन्ही आपल्या बोटाप्रमाणे बदलता येतात. मात्र चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत लागणारा वेळ आजच्या रायफलींपेक्षा जास्त आहे, कारण मध्ये पिस्टनचा सगळा प्रवास असतो, आणि छर्राही सेकंदाला दोनशे मीटरपेक्षा कमी वेगाने निघतो. चाप सुटला म्हणून जो लगेच मान उचलतो किंवा खांदा सैल सोडतो, त्याला ही रायफल लक्ष्याच्या कार्डावर त्याची घाई दाखवून देते. मला हा दोष वाटत नाही. चाप सुटल्यानंतरही नेम धरून स्थिर उभे राहण्याची सवय प्रत्येक प्रशिक्षक लावू पाहतो. ३०० एस ती सवय प्रत्येक छऱ्यागणिक लावते. टेकू देऊन मारल्यास दहा मीटरवर छर्रे एकमेकांच्या छिद्रांतून जातात, म्हणजे उभ्याने मारताना जे काही इकडे-तिकडे जाते ते आपल्यामुळे, याविषयी मनात शंका उरत नाही. एक काळजी तेवढी घ्यावी: मागची साइट डोळ्याच्या दिशेने सरकत असल्याने तिची रबरी वाटी डोळ्याला चिकटवू नये, थोडे अंतर ठेवावे.

वजनाबाबत स्पष्ट बोलायला हवे. साइट्ससह ती पाच किलोच्या आसपास भरते आणि दहा मीटरच्या प्रकारात उभ्याने, पट्ट्याचा आधार न घेता मारायचे असते. मला सुरुवातीला पाठ आणि डावा हात या दोन्हींची वेगळी तयारी करावी लागली. डाव्या कोपराचा भार स्नायूंवर न घेता कमरेच्या हाडावर देण्याचे तंत्र शिकल्याशिवाय ही रायफल कुणालाही जडच वाटेल. शाळकरी मुलांसाठी ती योग्य नाही. त्यांच्यासाठी याच कारखान्याची हलकी ज्युनिअर आवृत्ती पाहावी.

आता दाबलेल्या हवेच्या रायफलींविषयी. स्पर्धेच्या दृष्टीने त्या श्रेष्ठ आहेत, यात वाद नाही. त्यांना धक्का जवळपास नसतो, छर्रा लवकर बाहेर पडतो, स्टॉकचा प्रत्येक भाग शरीराप्रमाणे जुळवता येतो आणि छर्रा न भरता चापाचा सराव करता येतो, जो स्प्रिंगच्या रायफलीत करू नये, कारण छऱ्याचा अडथळा नसताना पिस्टन जोराने आदळून आतले भाग खराब होतात. परंतु त्या रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरावी लागते. घरी हातपंपाने ती भरणे कष्टाचे असतेच, शिवाय ठाण्याच्या पावसाळ्यात पंपाबरोबर हवेतली ओलही सिलिंडरमध्ये जाते आणि आतून गंज धरण्याचा धोका निर्माण होतो. नेमबाजीच्या रेंजवर कोरडी हवा मिळते, पण छंदासाठी मारणाऱ्याने घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून केवळ हवा भरून आणण्यासाठी जावे, हे व्यवहार्य नाही. सिलिंडरचा वापरकाळ उत्पादकांनी साधारणतः दहा वर्षे ठरवलेला असतो, त्यानंतर नव्याचा खर्च येतो. नव्या स्पर्धात्मक रायफलीची किंमतही दोन लाखांच्या पुढे जाते. ३०० एसला हवा, वीज, पंप, सिलिंडर यांपैकी काहीच लागत नाही. ज्यांना जिल्हा आणि राज्य स्पर्धांकडे वळायचे आहे, त्यांनी मात्र पहिल्यापासून रेंजवर आणि दाबलेल्या हवेच्या रायफलीवरच शिकावे. नवी मुंबईच्या बाजूला पनवेलमध्ये ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, त्यासारखे शिक्षण घरच्या सरावातून मिळणार नाही.

घरात दहा मीटर सलग जागा फार थोड्यांकडे असते. दिवाणखान्यापासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत पाच-सात मीटर मिळाले तरी सराव होतो आणि त्यासाठी लोक निम्म्या आकाराचे कार्ड छापून पाच मीटरवर लावतात. यात एक फसवा भाग आहे. मूळ कार्डावर दहाचा बिंदू ०.५ मिलिमीटर व्यासाचा आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे छऱ्याचे केंद्र मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडले की बिंदूला स्पर्श होऊन दहा गुण मिळतात. पाच मीटरवर तेवढ्याच अचूकतेसाठी केंद्र १.२५ मिलिमीटरच्या आत पडायला हवे. पण कार्ड निम्मे झाले तरी छर्रा निम्मा होत नाही, त्यामुळे २.३७५ मिलिमीटरपर्यंत चुकलेल्या छऱ्यालाही दहा गुण मिळतात. म्हणून घरी गुण मोजण्यापेक्षा पाच छऱ्यांच्या समूहाची रुंदी छिद्रांच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजावी आणि ती दुप्पट करून दहा मीटरशी ताडून पाहावी. तीच खरी प्रगती दाखवते.

छर्रे अडवण्यासाठी तिरप्या पोलादी पत्र्याची पेटी हवी आणि तिच्या मागे जाड प्लायवूड. दार आतून बंद, घरातल्या प्रत्येकाला माहिती दिलेली आणि डोळ्यांवर चष्मा, यांत तडजोड नको. खिडकी किंवा गॅलरीच्या दिशेने नेम कधीही धरू नये. या रायफलीचा आवाज फटाक्यासारखा नसतो, पण पिस्टनचा ठोका फरशीतून खालच्या मजल्यावर जातो. पायांखाली जाड रबरी चटई घातल्यावर आमच्या खालच्या काकूंची नाराजी दूर झाली. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत, जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी आणि साठलेले शिसे घरच्या कचऱ्यात न टाकता भंगारात द्यावे.

छऱ्यांच्या निवडीत काटकसर करू नये. सपाट तोंडाचे, स्पर्धेच्या दर्जाचे छर्रे, उदाहरणार्थ आरडब्ल्यूएसचे आर-१० किंवा एच अँड एनचे फिनाले मॅच, वजनाने आणि आकाराने इतके सारखे असतात की स्वस्त छऱ्यांनंतर ते वापरले की समूह लगेच लहान होतो. काही कंपन्या डोक्याच्या व्यासानुसार ४.४९, ४.५० असे वेगवेगळे डबे विकतात. प्रत्येक नळीला कोणता मानवतो हे टेकूवर मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या नळीला ४.५० चा छर्रा अधिक जुळतो, पण दुसऱ्या ३०० एसला तोच जुळेल असे नाही.

देखभालीचा खरा प्रश्न जून ते सप्टेंबर या काळातला आहे. घामाचा हात लागलेल्या पोलादावर ठाण्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंजाचे ठिपके उमटू शकतात, म्हणून प्रत्येक वापरानंतर पातळ तेलाच्या फडक्याने धातूचा भाग पुसून घ्यावा. फोम असलेल्या पेटीत रायफल महिनोन्महिने ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेले, कुलूप लावता येणारे कोरडे कपाट अधिक चांगले. रुळांना अगदी थोडे वंगण पुरते. सिलिंडरमध्ये मात्र तेल सोडू नये, कारण पिस्टनच्या दाबाने हवा तापते, तेल पेट घेते आणि स्प्रिंग व सील दोन्हींना हानी पोहोचते.

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ३०० एसची ऊर्जा याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ती यात सहज बसते. तरीही विक्रेत्याकडून रायफलीचा क्रमांक, दोघांची नावे आणि ओळखपत्रांचा उल्लेख असलेली सही केलेली पावती घ्यावी आणि रायफल नेताना ती जवळ ठेवावी. परवाना लागत नाही म्हणून ती कुठेही नेता येते, असा अर्थ होत नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या विरोधात आहे. पक्ष्यांवर छर्रे मारणे हा तर गुन्हा आहेच आणि ज्याला त्यात आनंद वाटतो त्याने या छंदात येऊ नये.

जुनी ३०० एस पाहायला जाल तेव्हा रबरी व प्लास्टिकचे भाग आधी तपासा. नळीच्या तोंडाचे सील आणि आतली धक्का झेलणारी गादी वयोमानाने चुरा होतात, बदलायला मिळतात, पण परदेशातून मागवावे लागतात. लिव्हर ओढताना दातेरी अडसराचे टकटक आवाज नीट येतात का, चाप दाबल्यावर सरकणारा भाग अडखळत नाही ना, आणि मागची साइट मूळचीच आहे ना, हे पाहा, कारण ती हरवली असेल तर जुळणारी दुसरी शोधणे कठीण असते. मला रायफल देणाऱ्या गृहस्थांनी स्वतःहून टेकूवर पाच छर्रे मारून कार्ड हातात दिले आणि म्हणाले, "आता तुम्ही मारा, मग पैशांचे बोलू." जो विक्रेता एवढेही करू देत नाही, त्याच्याकडून रायफल घेऊ नये.