टेबलावरचं टोपण आणि पट्ट्यावरचं टोपण

रबाळे एमआयडीसीत माझं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. बाटल्यांची २८ मिमीची टोपणं काढतो. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला. त्यात शॉर्ट शॉट, म्हणजे कडेला प्लास्टिक अपुरं भरलेली टोपणं निघाली होती. पट्ट्याजवळ बसून निवडणाऱ्या बायकांना बोलण्यात अर्थ नव्हता. आठ तास तेच टोपण बघून कुणाचीही नजर मरते. म्हणून खराब टोपणं आपोआप ओळखणारा कॅमेरा लावायचं ठरवलं आणि ३ लाख ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एवढे घालवून बसलो. कुणी याच वाटेवर असेल तर पैसे सोडण्याआधी हे वाचा.

विकणाऱ्याचं ऑफिस महाप्याला, काचेच्या इमारतीत. माणूस गोड. "सर, सोनीचा आयएमएक्स २६४ सेन्सर आहे. पाच मेगापिक्सेल, ग्लोबल शटर. तुमच्या पट्ट्याला हाच लागतो." सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी चिप, आणि त्या चिपबद्दल यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. धावत्या मालाला ग्लोबल शटरच लागतं, कारण त्यात सगळं चित्र एकाच क्षणी टिपलं जातं. रोलिंग शटर वरून खाली एकेक ओळ वाचत जातं आणि तोवर माल पुढे सरकलेला असतो. त्याने मला हे इतकं नीट समजावलं की हा माणूस नेमकं तेच देणार नाही, अशी शंकासुद्धा आली नाही.

मग डेमो. मी नेलेली टोपणं त्याने टेबलावर कॅमेऱ्याखाली एकेक करून ठेवली. चांगल्याला हिरवी चौकट, खराबाला लाल. वीसपैकी वीस बरोबर. चहा झाला, मी खूश. टोपण टेबलावर आहे आणि माझा पट्टा सेकंदाला २०० मिमी पळतो, हे त्या हिरव्या चौकटींपुढे सुचलंच नाही. ८० टक्के पीओबरोबर (खरेदीची ऑर्डर) दिले, उरलेले माल निघण्याआधी. म्हणजे माल हातात पडला तेव्हा माझ्याकडे अडवून धरायला एक रुपया उरला नव्हता.

बसवताना पहिल्याच दिवशी घोळ झाला. २५ मिमीची लेन्स, पट्ट्यापासून ३०० मिमी उंची. ढोबळ हिशोब असा: अंतर भागिले लेन्सची फोकल लांबी (तेच ते २५ मिमी), गुणिले सेन्सरची रुंदी. त्या सोनी सेन्सरची रुंदी सुमारे साडेआठ मिमी, म्हणजे शंभरेक मिमी पट्टा दिसायला हवा. माझ्या तीन ओळी त्यात आरामात बसतात. दिसत होता जेमतेम ६८, आणि कडेच्या दोन्ही ओळी कापलेल्या. फोन केला. "सर, कॅमेरा वर घ्या." ४५० वर घेतला, ओळी बसल्या, मी गप्प. खरं तर इथेच चोरी पकडली गेली होती, फक्त मला कळली नव्हती.

पट्टा सुरू केला आणि चांगली टोपणंही लाल दिसू लागली. "लाइट कमी पडतोय." ३८ हजारांचा आणखी एक लाइट त्याच्याकडूनच घेतला (हो, हसा). मग पट्टा हलतो म्हणे, मग व्होल्टेज. असे दीड महिने गेले.

शेवटी ऐरोलीहून भाचा आला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने चित्र मोठं करून बघितलं. "मामा, हे धूसर नाहीये. कडा स्वच्छ आहे, आकारच चुकलाय." गोल टोपण अंड्यासारखं लांबट दिसत होतं, २८ च्या जागी ३४. त्याने कॅमेरा स्टँडवर जागच्या जागी अर्धा वळसा फिरवला, लेन्स खालीच. आता तेच टोपण चपटं, २४ च्या आसपास. पट्टा तोच, लाइट तोच. ओळी वाचण्याची दिशा मालाच्या दिशेने असली की आकार ताणला जातो, उलट असली की दबतो. ग्लोबल शटरमध्ये हे होऊच शकत नाही.

मग सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याची माहिती उघडली. आयएमएक्स २६४ चं चित्र २४४८ गुणिले २०४८ चं असतं. आमचं २५९२ गुणिले १९४४. दोन्ही पाच मेगापिक्सेलच! बॉडीवरचा सिरियल नंबर एक, आतला दुसरा. सेन्सर छोटा, स्वस्त, रोलिंग शटरचा. शंभरऐवजी ६८ मिमी पट्टा दिसत होता तो यामुळेच. वर फक्त नवं स्टिकर.

लेन्सची गंमत तर पुढेच. शेजारच्या गाळ्यातून २/३ इंच सेन्सरचा (आयएमएक्स २६४ एवढाच) खरा कॅमेरा तासभर मागून आणला आणि आमची लेन्स त्याला लावली. चारही कोपरे काळे. लेन्सही लहान सेन्सरपुरतीच होती. आमच्या कॅमेऱ्यावर कोपरे काळे दिसले नाहीत, कारण सेन्सरच लहान. एका खोट्याने दुसरं झाकलेलं. फोकस आणि ॲपर्चरच्या (प्रकाश कमीजास्त करायच्या) कड्यांना घट्ट करायचे स्क्रूही नव्हते. मशीनच्या थरथरीत फोकस रोज थोडा सरकायचा तो त्यामुळे.

विकणाऱ्याला फोन केला तर, "सर, पाच मेगापिक्सेल सांगितलं, पाच मेगापिक्सेल दिलं." त्यानंतर नंबर बंद. बिल काढून बघितलं, तर त्यावर फक्त "इंडस्ट्रियल कॅमेरा सेट, १ नग". सेन्सर, शटर, लेन्सचा फॉरमॅट, काहीही लिहिलेलं नाही. माझ्या पीओमध्येही नव्हतं, ती चूक माझी. सीएने सांगितलं, बिल जीएसटीआर-२बी मध्ये (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आलेलंच नाही, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं, ६१ हजार २०० चं क्रेडिटही गेलं. पोर्टलवर जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी रद्द. हे बघायला दोन मिनिटं लागतात, पीओ देण्याआधीसुद्धा तेवढीच लागली असती. ग्राहक आयोगात जावं म्हटलं, तर वकील म्हणाले की धंद्यासाठी माल घेणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहक धरत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यापुरता स्वयंरोजगार असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे अकरा माणसं कामाला. नोटीस धाडली, ती पत्ता बदलल्याचा शेरा घेऊन परत आली.

नवा कॅमेरा मे महिन्यात घेतला, दुसरीकडून. पीओमध्ये सेन्सरचं नाव, शटर आणि पिक्सेल लिहिले. डेमो माझ्याच पट्ट्यावर, पूर्ण वेगात, कॅमेरा दोन्ही दिशांनी फिरवून घेतला. २५ टक्के रक्कम महिनाभर रोखून धरली. तो विक्रेता थोडा कुरकुरला, पण तयार झाला.

जुना कॅमेरा फेकवला नाही. क्वालिटीच्या टेबलावर बसवलाय. दर तासाला पाच टोपणं त्याच्याखाली एकेक करून ठेवतात. अजून एकही चुकलं नाही.