शिक्षकांसाठीचे बायॉलॉजीचे ग्रॅज्युएट कोर्स : तीन ऑनलाइन आणि लेक ईरीवरचा एक आठवडा

अमेरिकेत शाळेत शिकवणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींनी या कोर्सबद्दल विचारलं आणि प्रत्येकीला फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून इथे सगळं एकदाच लिहिते.

आधी हे कोर्स का करावे लागतात ते. मी ओहायोत हायस्कूलला बायॉलॉजी शिकवते, त्याआधी चार वर्षं सातवी-आठवीला सायन्स शिकवायचे. इथलं लायसन्स पाच वर्षांचं असतं, रिन्यू करायला सहा सेमिस्टर तासांचं शिक्षण नाहीतर तेवढ्या मोलाचं ट्रेनिंग दाखवावं लागतं. शिवाय कॉलेज क्रेडिट प्लसचा वर्ग घ्यायचा असेल, म्हणजे पोरं शाळेतच बसून कॉलेजचं क्रेडिट मिळवतात तो, तर आमच्या इथलं कॉलेज शिक्षकाकडे त्या विषयातली मास्टर्स मागतं, नाहीतर दुसरी कुठली मास्टर्स असेल तर वर त्या विषयातली १८ ग्रॅज्युएट क्रेडिट. माझी मास्टर्स एज्युकेशनमधली आणि बीएस्सी कोल्हापूरची, बॉटनीतली, म्हणजे १८ च्या १८ पहिल्यापासून जमवायची.

पहिला ऑनलाइन कोर्स जेनेटिक्स आणि एव्होल्यूशनचा, आठ आठवड्यांचा, आणि तो मला मनापासून आवडला. त्यात रॉक पॉकेट माऊस नावाच्या वाळवंटी उंदराचा खरा डेटा होता. ॲरिझोनातल्या पिनाकाते भागात काळ्या लाव्हाच्या खडकावर राहणारे उंदीर काळे आणि बाजूच्या फिक्या खडकावरचे फिके, आणि या फरकामागे एमसीवनआर या केसांच्या रंगाशी संबंधित जीनमधले बदल सापडले. इथपर्यंत मी शाळेतही शिकवत होते. पुढचं मला माहीतच नव्हतं, की न्यू मेक्सिकोतल्या लाव्हावरचे उंदीर पण असेच काळे, पण त्यांच्यात एमसीवनआरचे ते बदल नाहीतच, तिथे रंग दुसऱ्याच वाटेने आलाय. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा जी मुलं दरवर्षी म्हणतात की "खडक काळा होता म्हणून उंदीर काळा झाला" त्यांच्यातली एक मुलगी थांबून म्हणाली, मग गरज सारखी असून बदल वेगळा कसा? म्हणजे बदल गरजेपोटी होत नाही हे तिच्या लक्षात यायला लागलं. हा प्रश्न एका पोरीच्या तोंडून यावा म्हणून मी किती वर्षं धडपडत होते.

दुसरा मायक्रोबायॉलॉजीचा. वाचायला चांगलं होतं पण लॅब सगळी स्क्रीनवर, माऊसने लूप (जंतू उचलायची तारेची कडी) उचलायचा, माऊसने प्लेटवर स्ट्रीक करायचं म्हणजे ते जंतू रेघांनी पसरायचे, आणि ज्या शिक्षकाने पुढे पोरांच्या हातात खरा लूप द्यायचाय त्याच्या हाताला यातून काहीच कळत नाही. चर्चेत बुधवारपर्यंत एक पोस्ट आणि रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, त्यावर प्रोफेसरांचा एक ओळीचा शेरा. वाईट वाटलं, पैसे खिशातून भरलेले.

तिसऱ्याने मात्र मनस्ताप दिला. नाव इकॉलॉजी फॉर टीचर्स, अभ्यास पण ठीक होता, पण ट्रान्सक्रिप्टवर कोर्सचा कोड एज्युकेशन विभागाचा आला, बायॉलॉजीचा नाही, आणि कॉलेजने ती तीन क्रेडिट १८ मध्ये धरायला नकार दिला. युनिव्हर्सिटीला मेल केले तर उत्तर आलं की कोड बदलता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, पैसे भरायच्या आधी कोड कुठल्या विभागाचा ते लेखी विचारा आणि ते उत्तर ज्या कॉलेजला क्रेडिट दाखवायचीत त्यांना पाठवून त्यांचा होकार पण लेखी घ्या.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची स्टोन लॅब, लेक ईरी या मोठ्या सरोवरावरचं, १८९५ पासूनचं फील्ड स्टेशन, म्हणजे जागेवर जाऊन अभ्यास करायचं केंद्र. कटॉबाहून फेरीने साउथ बास बेटावर जायचं, तिथून छोट्या बोटीने जिब्राल्टर नावाच्या एवढ्याशा बेटावर, आणि तिथेच राहायचं, जेवायचं, शिकायचं. मी एक आठवडा शिक्षकांसाठीच्या कोर्सला होते. बोटीवरून प्लँक्टनची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची जाळी ओढली, पाणी किती नितळ आहे ते बघायला काळी-पांढरी सेकी डिस्क पाण्यात सोडून कुठे दिसेनाशी होते ते मोजलं, ट्रॉलचं मोठं जाळं ओढून मासे ओळखले आणि मग ओल्या कपड्यांनीच मायक्रोस्कोपला बसले. दमले खूप, पण कॉलेजनंतर इतकी खूश मी कधी नव्हते.

लेक ईरीचा पश्चिम भाग उथळ, सरासरी सात-साडेसात मीटर, म्हणून पटकन तापतो, त्यात मॉमी नदीतून शेतातलं फॉस्फरस येतं आणि उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी निळं-हिरवं शेवाळ फोफावतं. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलीडोच्या नळाच्या पाण्यात त्याचं विष सापडलं आणि जवळपास पाच लाख लोकांना ते पाणी पिऊ नका, उकळू पण नका असं सांगितलं होतं. उकळू नका! आपल्याला लहानपणापासून आईने पाणी उकळून प्यायला शिकवलेलं, पण हे विष उकळून जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं. स्लाइडवर ते हिरवे पुंजके बघताना मला रंकाळ्याचं हिरवं पाणी डोळ्यासमोर आलं, काठावर उभं राहून नाक दाबायचो पण त्यात काय आहे हे कुणी मायक्रोस्कोपखाली दाखवलं नव्हतं.

आणि ती साखळी! बाहेरून आलेले झेब्रा शिंपले पाणी गाळतात पण मायक्रोसिस्टिस बरंचसं थुंकून टाकतात, म्हणजे त्याचे स्पर्धक खाऊन त्यालाच मोकळं रान. शिंपले खातो राउंड गोबी नावाचा मासा, तोही बाहेरचाच, आणि गोबी खाऊन तिथला लेक ईरी वॉटरस्नेक इतका सावरला की २०११ मध्ये त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या केंद्रीय यादीतून काढलं. बाहेरून आलेला जीव म्हणजे वाईटच असं मी सातवीला सरळ सांगायचे, आता तसं सांगत नाही.

परत आल्यावर नायलॉनच्या स्टॉकिंगची जाळी आणि स्टीलच्या ताटलीला काळा-पांढरा रंग देऊन सेकी डिस्क केली, शाळेमागच्या तळ्यावर चार वर्ग नेले. खर्च वीस डॉलरच्या आत.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्याच उन्हाळ्यात असा फील्ड कोर्स करा, मग हिवाळ्यात ऑनलाइन जेनेटिक्स वगैरे, कारण एकदा हात भिजले की पेपर वाचताना पण वेगळं दिसतं. क्रेडिट कमी मिळतात हे खरं, मला आठवड्याची दोनच मिळाली, आणि घरी लहान मूल असेल तर आठवडाभर बेटावर राहणं अवघड, माझ्यासाठी सासूबाई आल्या होत्या म्हणून जमलं. आठ झालीयत, दहा बाकी. येत्या उन्हाळ्यात परत बेटावर जायचंय, या वेळी माशांच्या कोर्सला.