ओपीडी की निवासी केंद्र? दारू सोडताना केलेली निवड

दारू सोडायचे नक्की केले आहे, पण घरी राहून ओपीडीत उपचार घ्यावेत की महिनाभर निवासी केंद्रात राहावे, या पेचात असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही करून पाहिले आहे. आधी ओपीडी आणि नंतर निवासी केंद्र.

एक बाब मात्र आवडीनिवडीची नाही. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरत असतील, किंवा पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली असेल वा भास झाले असतील, तर पहिला आठवडा रुग्णालयात काढावा. शेवटच्या पेगनंतर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत येणारी भ्रमावस्था जिवावर बेतू शकते.

ओपीडीत नोकरी सुटत नाही आणि खर्चही बेताचा राहतो. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद लहानपणापासून ऐकलेला. त्यात मी राहायलाच ठाण्यात, त्यामुळे दाखल होणे म्हणजे त्या विनोदात स्वतः जाऊन बसणे, असे वाटे. म्हणून ऐरोलीच्या ऑफिसातून सुटल्यावर शनिवारी समुपदेशन आणि रोज सकाळी डायसल्फिरामची गोळी, असा क्रम चार महिने चालला. ही गोळी घेतलेली असताना दारू प्यायल्यास उलट्या होतात, छाती धडधडते. म्हणून ती चुकवण्याचा मोह होतो आणि डॉक्टर ती घरच्यांच्या देखत घ्यायला सांगतात. व्यवस्था योग्यच आहे. पण सात वाजता बायको पाण्याचा पेला घेऊन उभी राही, मी गोळी गिळी आणि ती म्हणे, "अहो, जीभ वर करा." शेजारी मुलगा बुटाची नाडी बांधत असे. संध्याकाळी दार उघडताना ती आधी माझा श्वास हुंगे आणि मग चप्पल काढू देई. यात तिची चूक काहीच नव्हती, मात्र आमच्यात दुसरे बोलणेच उरले नाही. एके दिवशी मी गोळी गालात दडवली.

निवासी केंद्रातला कंटाळा, पाचाचा गजर आणि पाणीदार डाळ यांबद्दल मी तक्रार करू शकतो. पण तिथे पहारा देणारे लोक पगारी होते, आणि रविवारी भेटायला आलेली बायको फक्त बायको होती. प्रत्येकाला हेच मानवेल असे नाही. ज्यांचे पिणे अजून रोजचे झालेले नाही, त्यांना बहुधा ओपीडी पुरेल. घरात पहारा सुरू झाला असेल, तर मात्र मी केंद्राकडे झुकेन.

दाखल होण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात आणि घरी फोन करू देतात का, हे विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला संपर्काचा हक्क दिला आहे. बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा ठाण्यातच होईल का, हेही विचारावे. माझा अजून दर शनिवारी चालू आहे.